शेठची पाठवणी

आमच्या साडूंनी आजवरच्या आयुष्यात कुणालाही कुठलीही वस्तू नुसती उचलून दिलेली नाही. ते जे देतात ते बांधून देतात, आणि त्यांनी बांधलेलं सोडायला घरात दोन धडधाकट माणसं आणि अर्ध्या दिवसाची रजा लागते. एकदा त्यांच्याकडून लोणच्याची बरणी आली. आधी खोका, खोक्यात चुरगाळलेले कागद, कागदात जुन्या धोतराची गुंडाळी, गुंडाळीत पिशवी, त्या पिशवीत आणखी एक पिशवी, आणि मग बरणी. बायको म्हणाली, "उघडेपर्यंत मुरलं असेल." एकदा मी चष्मा त्यांच्या घरी विसरलो. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा शेजाऱ्यांनी नवा मिक्सर घेतल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. माझा पाय मोडला होता तेव्हा साडू दवाखान्यात भेटायला आले, मला कसं वाटतंय हे विचारायच्या आधी त्यांनी प्लॅस्टरला दोन्ही बाजूंनी टिचक्या मारल्या आणि नर्सबाईंना म्हणाले, "काम बरं हाय, पण कोपऱ्याला पॅडिंग कमी पडलंय." नर्सबाई बिचाऱ्या त्यांना मोठे डॉक्टर समजून आणखी कापूस घेऊन आल्या.

साडू मूळचे दातिवऱ्याचे. वडिलांची होडी होती, आणि चालायला लागण्याआधी आपल्याला जाळ्याची गाठ मारता येत होती असं ते सांगतात. पण होडीवर न जाता ते तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी सांगलीकडचा. नोकरीसाठी बोईसरला आलो, बेटेगावात खोली घेतली, एडवणची बायको केली, आणि समुद्र, सुरमई आणि साडू या तीन गोष्टी मला एकदमच मिळाल्या. पैकी सुरमईचं मला लवकर कळलं. साडूंचं कळायला वेळ लागला. त्यांच्या खिशात पैशाच्या पाकिटाऐवजी सुतळीची गुंडी असते. खोक्यावर ते जे लिहितात ते इंग्रजीतच, मोठ्या ठोकळेबाज अक्षरांत, कारण "पॅकिंगची भाषा इंग्रजी हाय." आणि त्यांचं एक तत्त्व आहे: "माल बांधणाऱ्यानं मालासोबत जायचं नसतं, साडूभाऊ. सोबत जावं लागलं म्हंजे बांधलंच नाय." लेकीला नाशिकला नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिचं सामान असं बांधलं की बादलीत तांब्या, तांब्यात वाट्या, वाटीत सुईदोरा. आणि स्वतः मात्र एसटी स्टँडवरूनच परत फिरले.

तर ही लेक, म्हणजे माझी भाची, जाताना घरात एक बेडूक ठेवून गेली.

आपल्या डबक्यातला नव्हे. आपल्याकडचे धरून पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे मला साडूंनीच ऐकवलंय. हा ऑस्ट्रेलियाकडच्या जातीचा, पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरातच जन्मलेला, सरकारदरबारी रीतसर नोंदलेला. त्याच्या नोंदणीचा कागद साडूंनी दोनदा लॅमिनेट केला आहे. भाचीनं कॉलेजात असताना तो आणला आणि नाव ठेवलं शेठ. नाव ऐकून मी हसलो होतो, पाहिल्यावर पटलं. तळहाताएवढा पोपटी मेणाचा गोळा. दिवसभर काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात, पोटाच्या घड्या सांभाळत, हात छातीशी घेऊन बसलेला, दुकानात एकही गिऱ्हाईक नाही आणि त्याची काडीइतकी फिकीर नाही असा. नाशिकच्या हॉस्टेलवर बेडूक चालत नव्हता म्हणून शेठ बोईसरला राहिले आणि त्यांची सेवा साडूंकडे आली. त्यांच्या जेवणासाठी साडूंनी अंड्यांच्या ट्रेमध्ये रातकिड्यांची वसाहत उभारली. साडूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हणीबाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्या म्हणायच्या, "माझ्या आमटीला कोथिंबीर नसंल, पण किड्यांना गाजर हाय."

ती कॉलेजात असताना बापलेकीचं फोनवरचं बोलणं मी कित्येकदा ऐकलं होतं. "जेवलीस?" "हो." "बरं, आईला देतो." संपलं. बेडूक ताब्यात आल्यावर मात्र रोज संध्याकाळी साडेसातला फोन वाजू लागला. "बाबा, शेठ जेवले का?" मग साडू खुर्चीत सरसावून बसत. शेठनी किती किडे खाल्ले, त्यातला एक कसा निसटला, पाण्यात कितीदा उतरले, कुठल्या पायाची कात आधी काढली आणि मग ती गिळून कशी टाकली. अर्धा अर्धा तास. त्यातच मधे कुठेतरी, जणू बेडकाच्याच ओघात, "तिथं पाणी येतं का नीट?", "तुझा तो साहेब अजून ओरडतो का?" असले दोनचार प्रश्न सरकवले जात, आणि तीही त्यांची उत्तरं देऊन टाकी. मला मोठं कुतूहल वाटायचं. माझ्या मुलाशी मी सगळ्या जगाबद्दल बोलू शकतो असं समजणारा मी, पण सलग अर्धा तास तो माझ्याशी शेवटचा कधी बोलला हे आठवायला मला पंचांग लागेल.

मग डिसेंबरात भाचीला भाड्याचं घर मिळालं आणि तिनं शेठना मागितलं. साडू लगेच हो म्हणाले. फक्त थंडी जरा कमी होऊ दे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मोबाइलवर नाशिकचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघितलं जाऊ लागलं. नाशिकला दहा, निफाडला सहा. "निफाडला कुठं जायचंय त्याला?" मी विचारलं. "वारा तिकडनंच येतो," ते म्हणाले. थंडी ओसरली की ढगाळ हवा, ढग गेले की सुट्टीचा वार, "आणि जिता माल शनिवार-रविवारी काढायचा नसतो." महिना गेला. भाची फोनवर म्हणाली, "बाबा, थंडीनं बेडूक मरत असते तर नाशिक जिल्ह्यात एक बेडूक उरला नसता." साडू म्हणाले, "ते तिथले. ह्याला बोईसरची हवा लागलीय." मी ताईंना म्हटलं, बेडकाच्या तब्येतीची किती ही काळजी! ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांना बेडकाची थंडी नाय वाजत. फोनची वाजते. बेडूक गेला का साडेसातला विचारायला काय उरणार?"

ते ऐकल्यापासून मी साडूंशी निफाडच्या वाऱ्याबद्दल वाद घातला नाही. पण नेमका जानेवारीत माझ्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा नाशिकला निघाला, आणि भाचीनं परस्पर ठरवून टाकलं की काका येतायत तर शेठ त्यांच्यासोबत येतील. साडूंची पळवाट बंद झाली. एकदा बंद झाल्यावर मात्र त्यांच्यातला पॅकिंगवाला जागा झाला आणि आठवडाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

जिवंत बेडूक थंडीत कसा पाठवावा हे तेव्हापासून मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. निघायच्या आधी तीनचार दिवस त्याला खायला द्यायचं नाही. भरल्या पोटी प्रवास त्याला सोसत नाही. डबा बेडकाला बेताचा हवा, मोठ्या डब्यात तो आपटतो. तळाला ओलसर शेवाळ. ओलसर म्हणजे पिळल्यावर थेंब न पडेल असं. डब्याला भोकं, आणि ती आतून बाहेर पाडायची, नाहीतर कडा त्याच्या नाजूक कातडीला लागतात. तो डबा थर्माकोलच्या खोक्यात, त्या खोक्यालाही भोकं, मधल्या जागेत कागद, आणि एका कोपऱ्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. विकत मिळणाऱ्या गरम पुड्या साडूंनी बाद केल्या, कारण त्या बंद खोक्यात भलत्याच तापतात. "ऊब शेजारी हवी, अंगावर नको," हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या संसाराबद्दलच काही सांगतायत का अशी शंका आली. मग चाचणी झाली. शेठच्या वजनाचा एक बटाटा निवडला, त्यात तापमापक खुपसला, सगळा थाट करून खोका ताईंच्या फ्रिजमध्ये सहा तास ठेवला, आणि फ्रिजमधली भाजी, दूध, कोळंबी सहा तास ओट्यावर. दुसरी चाचणी हलत्या गाडीत हवी म्हणून मला बटाटा घेऊन डहाणूला पाठवलं. मी गेलो, स्टँडवर चहा प्यालो आणि बटाटा परत आणला. साडूंनी तो कापून आतून पाहिला आणि म्हणाले, "सुखरूप हाय."

जायच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा शेठ डब्यात बसले होते. साडूंनी खोक्याला चिकटपट्टी लावली नाही, वाटेत कुणी तपासायला उघडलं तर कापाकापी नको म्हणून. सुतळी बांधली आणि वर एक अशी गाठ मारली की मी नुसता बघत राहिलो. "ही दातिवऱ्याची गाठ. घाटावर कुणाच्या बापाला सुटायची नाय." चारही बाजूंनी इंग्रजीत जिवंत प्राणी, सांभाळून, ही बाजू वर. मला सूचना दोनच: खोका मांडीवर ठेवायचा आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं. स्टँडपर्यंत ते आले. गाडी सुटताना खोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. ते बहुधा माझ्यासाठी नव्हतं.

पालघरला गाडीत एक मासेवाली मावशी चढल्या. बर्फ घातलेलं माशांचं टोपलं पायाशी घेऊन माझ्या शेजारीच बसल्या. मोखाड्याच्या बाजाराला चालल्या होत्या. खोक्याकडे बघून म्हणाल्या, "काय, पापलेट?" आता गच्च भरलेल्या गाडीत, पन्नाशीच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसानं 'बेडूक' हा शब्द मोठ्यानं कसा उच्चारायचा? मी म्हटलं, "असंच, घरचं आहे." मावशींनी मान डोलावली. मनोर गेलं, विक्रमगड गेलं. खोका मांडीवरच होता, मांडीला मुंग्या आल्या होत्या. जव्हारला गाडी थांबली, हवेत चांगलाच गारठा होता, आणि मला चहाची तल्लफ आली. खोका सीटवर ठेवून मी म्हटलं, "मावशी, जरा लक्ष ठेवाल?"

चहा, त्यावर एक भजी प्लेट, म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. परत आलो तर खोका जागच्या जागी, गाठही तशीच. मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

"दादा, तुमच्या मालाला बरफच नव्हता हो! नुसता कागद भरलेला. मी घातला आमच्यातला, डब्याच्या भवती मस्त रचून."

माझ्या तोंडातली भजी तोंडातच राहिली. "पण ती गाठ..."

"अवं, गाठ बघूनच तर कळलं. आमच्या दर्यावरची गाठ ती. म्हटलं, माणूस घाटावरला दिसतो, ह्याला काय कळतंय. घरच्या बाईनं बांधून दिलं आसंल न बरफ टाकायला इसरली आसंल. एवढ्या लांब नासून जायचं."

"मावशी, आत बेडूक आहे."

त्यांनी खोक्याकडे निरखून पाहिलं. "खायाला?"

"पाळलेला."

"जिता?"

"आत्तापर्यंत होता."

"आई गं! मी जित्या जिवाला बरफ लावला?" असं म्हणून मावशींनी ती गाठ पुन्हा एका झटक्यात सोडली आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागल्या. कंडक्टर ओरडला, "ओ, गाडीत पाणी कोण सांडतंय?" मावशी त्याच्यावर डाफरल्या, "गप रे, इथं जीव चाललाय!" तसं अख्ख्या गाडीनं वळून पाहिलं, आणि जे सांगायला मी लाजलो होतो ते सगळ्या गाडीला कळलं. कोमट पाण्याची बाटली गार पडली होती. डब्याच्या पारदर्शक भिंतीतून शेठ दिसले. पोपटी रंग जाऊन तपकिरी झाले होते, पाय पोटाखाली ओढलेले, डोळे मिटलेले. हलत नव्हते.

मी साडूंना फोन लावला. कसंबसं सांगितलं. वाटलं, आता माझा उद्धार होणार. पण पलीकडून आधी प्रश्न आला.

"बरफ डब्यात गेला का भवती?"

"भोवती."

"डबा उघडू नका. कोरडा पुसा. ओले कागद फेका. चहाच्या टपरीवरनं गरम पाणी आणायचा विचार करत असाल तर करू नका."

करतच होतो.

"गारठलेला बेडूक उठतो साडूभाऊ, पण घाईनं गरम केला तर नाय उठत. स्वेटर घातलाय न? डबा स्वेटरच्या आत, शर्टाच्या वर. पोटाशी धरून बसा. हलू नका." मग जरा हळू आवाजात, "आणि तिला आत्ताच कळवू नका."

तर माझ्या ज्या पोटावर गेली पंधरा वर्षं आमच्या घरात टोमणे मारले जातात, त्या पोटाला जव्हार ते नाशिक एवढा पल्ला भरीव काम मिळालं. ढेरीवर ढेरी, असा मी ताठ बसून होतो. घाटात रेंज जात होती. आली की साडूंचा फोन. "रंग?" "तसाच." "वास येतो?" "माशांचा येतो, तो आमच्या सीटचा आहे." मावशी दर वळणाला स्वेटरवरून हलकेच हात ठेवून विचारत, "जिता हाय का?" आणि मी खरं ते सांगत होतो, की मला माहीत नाही. मोखाड्याला उतरताना त्यांनी कंडक्टरला बजावलं, "हे दादा तुला सांगतील बेडकाचं काय झालं ते. पुढल्या बाजाराला मी तुला विचारणार. इसरलास तर बघ."

नाशिकच्या स्टँडवर भाची आली होती. मी काही बोललो नाही, पण माणूस स्वेटरमधून बेडूक काढतो तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरत नाही. रिक्षात ती डबा दोन्ही हातांत धरून बसली. घरी तिनं काचेची पेटी तयार ठेवली होती. शेठना शेवाळासकट अलगद आत ठेवलं, दिवा लावला नाही, खिडकी बंद केली आणि वडिलांना व्हिडिओवर घेतलं. साडूंना मोबाइल धरता येत नाही, त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ. तिनं मोबाइल पेटीला टेकवला आणि खाली जमिनीवर बसली. मीही भिंतीला टेकलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. इकडून लेक, तिकडून बापाचं कपाळ, मधे एक तपकिरी गोळा, आणि कुणी एक शब्द बोलेना. एकमेकांसमोर इतका वेळ ती दोघं मी कधी पाहिली नव्हती.

मग शेठच्या गळ्याखालची कातडी किंचित थरथरली.

"हलली!" दोघं एकदमच ओरडले. पुन्हा हलली. मग एक डोळा अर्धा उघडला, आणि गिऱ्हाईक आलं का एवढं बघून मिटला. भाची रडायला लागली. पलीकडे कपाळ गेलं आणि पडद्यावर घराचं छत आलं.

"बाबा?"

"पंखा बघतोय," छतातून आवाज आला. "पुसायला झालाय."

मोखाड्याच्या मावशींना निरोप पोचवायला मी परतीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं. त्यानं तो त्या कंडक्टरला सांगितला, आणि मला खात्री आहे की जव्हारच्या बाजारपेठेपर्यंत आता सगळ्यांना ठाऊक आहे. साडूंनी मला काही बोल लावला नाही. गाठ सुटली कशी, एवढंच दोनदा विचारलं, आणि एका ओळखीच्या हातानं सुटली हे कळल्यावर त्यांना जरा बरंही वाटलेलं दिसलं.

पण ताईंचं खरं होऊ लागलं. पहिला आठवडा फोन रोज आला. "शेठ मजेत आहेत बाबा." मजेत असलेल्या बेडकाबद्दल किती बोलणार? फोन पाच मिनिटांवर आला, मग एक दिवसाआड, मग रविवारी. साडू स्वतःहून लावत नसत. "दमून येते ती. आपण कशाला?" रातकिड्यांची वसाहत त्यांनी हळूहळू उठवली. मी एकदा साडेसातच्या सुमाराला गेलो, तर ते खुर्चीत मोबाइलसमोर बसून एक रिकामा खोका बांधत होते. कशाला, विचारायचं मला धाडस झालं नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. भाचीचा आवाज घाबरलेला. "बाबा, शेठ जेवत नाहीत."

साडू ताडकन सरळ झाले. केव्हापासून? पाणी कधी बदललं? किडा केवढा देतेस? खिडकी कुठल्या बाजूला? आणि बोलता बोलता, तू काय खाल्लंस आज, आवाज असा का येतोय, रिक्षानं येतेस का चालत? चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, शेठनी एकच खाल्ला. तिसऱ्या दिवशी खाल्ला पण मनापासून नाही. मलाही काळजी लागली. शेवटी मी न राहवून भाचीला परस्पर विचारलं की डॉक्टरांना दाखवलं का.

ती हळूच म्हणाली, "काका, तो ओरपतोय. फुगत चाललाय म्हणून मीच हात आखडता घेते." मग म्हणाली, "बाबांशी दुसरं काय बोलायचं ते मला सुचत नाही हो. तुम्ही सांगू नका."

मी सांगितलं नाही. परवा गेलो तेव्हा तिनं शेठचा ताजा फोटो पाठवला होता. साडूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पेटीचा कोपरा पुरत नव्हता एवढे शेठ पसरले होते. पोटाला तीन घड्या होत्या त्यांच्या पाच झाल्या होत्या. साडूंनी बोटांनी फोटो मोठा केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहिला. तीस वर्षं ज्यांनी माल नजरेनं तोलला त्या माणसाला वजन कळत नाही असं कसं म्हणू? भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात वाजले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता मोबाइल पुन्हा समोर नीट उभा करून ठेवला.

"वाळलाय हो जरा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बराच."